पुण्याच्या आवाजाला सांगलीचा वन्स मोअर

नातीचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत बसले होते.

"आज्जी, पुढच्या आठवड्यात सांगलीला ये. नाटकात मला नऊवारी नेसायचीय, तू नेसव."

"का? सांगलीतल्या बाया संपल्या?"

"बाया हायत की. नेसवता येत न्हाई कुणाला. दुकानात शिवलेली मिळते, पायजम्यासारखे पाय घालून चढवायची. ती घालून मी राजकन्या वाटत न्हाई, सर्कशीतली वाटते."

नात सांगलीला कॉलेजात शिकते आणि वसतिगृहात राहते. मी साताऱ्याला मुलाकडे असते. तिला माझी आठवण मायेनं झाली नाही, कामानं झाली, आणि ते मला बरं वाटलं. मायेनं बोलावलेल्या म्हातारीला कोपऱ्यात खुर्ची देतात आणि विसरतात.

मी चौथी शिकलेली. लग्न झालं ते एका तबलजीशी. तो ज्या संगीत नाटक कंपनीत होता तिथंच मीही कामाला लागले. काम एकच, बायकांना लुगडी नेसवायची. वाई, कराड, रहिमतपूर, सांगली, जिथं कंपनीचा मुक्काम पडेल तिथं विंगेत उभी राहून, तोंडात टाचण्या धरून, मी चारचौघींसारख्या बायकांना राण्या करत असे. गाणाऱ्या बाईचं लुगडं वेगळं नेसवावं लागतं. पोटाशी दोन बोटं जागा सोडायची. नाहीतर दम पोटापर्यंत जात नाही आणि वरचा सूर घशात अडकतो. न गाणारीला कसंही आवळा, उलट जास्त सडपातळ दिसते.

त्या जुन्या नाटकांबद्दल लोक आता डोळे मिटून बोलतात. माझे तेव्हाही उघडे होते. आमचा नायक साठीला आलेला, पोट त्याच्या आधी रंगमंचावर यायचं, आणि काम विशीतल्या राजपुत्राचं. खलनायक तलवार उगारून "आता मर!" म्हणायचा आणि त्यावर नायक अर्धा तास गायचा. एका प्रयोगात खलनायकाचा हात भरून आला. त्यानं तलवार खाली ठेवली, विंगेत येऊन कपभर चहा प्यायला, परत जाऊन तलवार उगारली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पद संपलं की वन्स मोअर यायचा आणि नायक पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. वन्स मोअर आला नाही असं कधी झालं नाही, कारण तिसऱ्या रांगेत त्याचा मेव्हणा बसलेला असायचा.

तेव्हा जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. जुनं होतं, एवढंच.

नातीला गाण्याचं वेड कुठून लागलं कोण जाणे. शाळेत असल्यापासून दर रविवारी एस.टी.नं वाईला जाऊन ती एका बाईंकडे सात वर्षं शिकली. आवाज जाडसर. पलीकडची बाई एकदा मला विचारत होती, "तुमच्याकडं कोण पाहुणा आलाय गाणारा?" नातीनं ते ऐकलं आणि पुढं महिनाभर खिडकी लावून घेऊन गात होती. घरात तिचं गाणं ऐकायला कुणाला वेळ नाही. बाप जेवताना बातम्या लावतो, आई कुकर लावते. त्यामुळे कॉलेजच्या नाटकात राजकन्येचं काम मिळालं तेव्हा ती फोनवर ओरडलीच होती. "चार पदं हायत आज्जी मला! लोक समोर बसून माझा आवाज ऐकतील. एकदा तरी ऐकू देत की गं कुणीतरी!"

तिला एवढंच हवं होतं. बक्षीस, नाव असलं काही ती तेव्हा बोलली नव्हती.

नाटक कॉलेजांच्या स्पर्धेत होणार होतं. मी प्रयोगाच्या दोन दिवस आधी सांगलीला गेले. कॉलेजच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. दिग्दर्शक म्हणजे तिथलाच शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी. दाढी वाढवलेली आणि भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. मला वाकून नमस्कार केला, त्यामुळे मी पहिली दहा मिनिटं त्याला काही बोलले नाही.

"आज्जी, मूळ नाटक पाच तासांचं आहे. आम्ही ते पन्नास मिनिटांत नव्यानं मांडलंय. पदं बावीस होती, चार ठेवलीत."

"बरं केलंस. बावीस लय व्हती."

त्याला माझ्याकडून भांडणाची अपेक्षा असावी. जरा हिरमुसला.

मग त्यानं राजवाडा दाखवला. त्याच्या वडिलांचं कुपवाडला वर्कशॉप आहे, तिथून तीन लोखंडी पाइप वेल्डिंग करून आणले होते. एक आडवा, दोन उभे.

"ह्याला दार कुठं हाय?"

"दार प्रेक्षकांनी कल्पायचं."

"मग राजवाडाबी त्यांनाच कल्पू द्यायचा. पाइप वाचले असते."

नाटकाचं नाव मी सांगत नाही. ज्यानं लिहिलं तो गेला, पण ज्यांनी बदललं ते अजून आहेत. गोष्ट साधी. राजा मुलीला एका म्हाताऱ्या राजाला द्यायला निघतो, मुलगी नाही म्हणते, बाप तिला कोठडीत कोंडतो. कोठडीत ती गाते. ते गाणं ऐकून पहारेकऱ्याला पाझर फुटतो आणि तो कडी काढतो. आमच्या कंपनीनंही हे नाटक केलं होतं. नव्या नाटकात बाप नव्हताच. त्याच्या जागी स्टेजवर एक बुटांचा जोड ठेवला होता आणि सगळे त्या बुटांशी बोलत होते. नांदी म्हणताना पोरं प्रेक्षकांकडं पाठ करून उभी.

"लोकांकडं पाठ का?"

"आपण परंपरेकडं पाठ फिरवतोय, आज्जी."

"आरं पण परंपरा तुमच्या पुढं हाय का मागं?"

मग पहारेकरी आला. जीनची पँट, कानात हेडफोन.

"ह्याला गाणं ऐकू कसं येतं मग?"

"ते प्रतीक आहे."

प्रतीक म्हटलं की पुढं विचारायचं नसतं, एवढं मला तेवढ्या वेळात समजलं.

मग कोठडीतलं पद आलं. नात पाइपाला धरून उभी राहिली आणि हॉलभर गाणं भरलं. मागं सतार, बासरी, आणखी काय काय. आवाज बारीक, गोड, पाकात बुडवून काढल्यासारखा. नातीचे ओठ हलत होते. मानेची शीर हलत नव्हती. गाणाऱ्या बायकांच्या माना मी आयुष्यभर जवळून बघितल्या. मी समजले.

तालीम सुटल्यावर तिला बाजूला घेतलं. "हे कोण गातंय?"

"पुण्याच्या एक ताई हायत. दिग्दर्शकाच्या ओळखीच्या. रेकॉर्ड करून आणलंय." ती दुसरीकडं बघत बोलत होती. "महिनाभर मीच गात होते आज्जी. मग तो म्हणाला, स्पर्धेत धोका नको."

"आणि तू व्हय म्हणालीस?"

"न्हाई म्हटलं असतं तर दुसरी उभी केली असती. तोंड हलवायला कुणीबी चालतंय."

दिग्दर्शकाला गाठलं. तो अजिबात गोंधळला नाही. "आज्जी, राग मानू नका. तिचा आवाज चांगला आहे, पण कच्चा आहे. वरचा सूर फाटतो. परीक्षक तेवढंच धरून बसतात. नाटकासाठी एवढं सोसायला हवं."

वरचा सूर फाटतो हे खोटं नव्हतं. मी नात म्हणून पांघरूण घालणार नाही. दहादा घेतला तर चारदा फाटतो. पण आमच्या कंपनीतल्या थोरल्या बाईचा दहादा घेतला तर सहादा फाटायचा, आणि ती ऐन फाटायच्या वेळी पदर सावरायची. गाण्यात फाटणं येतंच. ते होऊ नये म्हणून गाणारीच काढून टाकायची, ही अक्कल मात्र नवी. त्याला मी म्हटलं, "तुझ्या नाटकात त्या पोरीला बाप कोंडतो न्हवं?"

"बाप म्हणजे व्यवस्था, आज्जी."

"तेच. त्या बुटांत पाय घालून बघ. बसतील तुला."

तो हसला. ह्या पोरांना म्हातारीचं बोलणं फार आवडतं. ऐकायचं नसतं, फक्त आवडतं.

स्पर्धेच्या दिवशी आमचं नाटक दुपारी होतं. रंगपटात नात समोर उभी राहिली. मी लुगड्याच्या घड्या उलगडल्या आणि विचारलं, "गाणार हायस का तोंड हलवणार हायस? तसं नेसवते."

ती आरशात बघत होती. "तोंड हलवणार," म्हणाली.

मी आवळून नेसवलं. काष्टा कसला, निऱ्या बसवल्या, पोटाशी बोटभरही जागा ठेवली नाही. फार सुंदर दिसत होती. दिग्दर्शक येऊन म्हणाला, "वा! परफेक्ट!" मला तेवढा राग दिवसभरात दुसऱ्या कशाचा आला नव्हता.

पडदा वर गेला. मी विंगेत उभी राहिले, सवयीनं तोंडात टाचण्या धरून. पुढच्या तीन रांगा सांगलीच्या म्हाताऱ्यांनी भरलेल्या होत्या. मराठी नाटक सांगलीत जन्मलं हे इथला प्रत्येक म्हातारा अशा थाटात सांगतो, जणू बाळंतपणाला तोच हजर होता. नांदीला पोरांनी पाठ केली तेव्हा त्यांच्यात चुळबुळ झाली. बुटांशी बोलणं सुरू झालं तेव्हा दोघे झोपले. पहिल्या रांगेत टोपीवाला एक उंच म्हातारा होता, तो शेजाऱ्याला सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "बूट नवं हायत गड्या, पण मानूस कवा येनार?"

मग कोठडीतलं पद लागलं. झोपलेले जागे झाले. टोपीवाला मान डोलवायला लागला, मांडीवर ताल धरला. पद संपलं आणि तो उभाच राहिला. "वन्स मोअर!"

मागून दुसरा. मग तिन्ही रांगा. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

ही गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. दिग्दर्शकाच्या नाही, नातीच्या नाही, आणि माझ्याही नाही, जिनं आयुष्यभर वन्स मोअर ऐकले. पन्नास मिनिटांचं नाटक, बुटांचा राजा, हेडफोनवाला पहारेकरी, सगळ्याचा विचार झाला होता. समोर सांगली बसलेली असणार, ह्याचा झाला नव्हता.

दिग्दर्शक समोरच्या विंगेत लॅपटॉपवर होता. त्याला वाटलं लोक खूश झाले, आता पुढं जावं. त्यानं पुढचा आवाज लावला. घोडे धावायला लागले. म्हातारे घोड्यांच्या वर ओरडायला लागले. घोडे थांबले. त्यानं गाणं शोधायला सुरुवात केली असावी, कारण त्याचं तोंड लॅपटॉपच्या उजेडात निळं पडलेलं मला दिसत होतं आणि बोटं नुसती फिरत होती. नात मधोमध उभी. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले असते की नाही, सांगता येत नाही. तोंडात टाचण्या होत्या.

तिनं समोरच्या विंगेकडं हात केला, थांब म्हणून. मग गायला लागली.

साथ नाही, सूर धरायला पेटी नाही. पुण्याच्या बाईपेक्षा बऱ्याच खालच्या पट्टीत तिनं धरलं. पहिली ओळ कापली, दुसरी घाईत गेली, तिसरीपासून ती स्थिर झाली. हॉलमध्ये तो जाडसर आवाज पसरला, खिडकी लावून गाणारा. पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या पोरानं कानातला हेडफोन काढला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वरचा सूर आला आणि फाटला, भर मध्ये, जुन्या कापडासारखा. पोटाशी दोन बोटं जागा मी सोडली नव्हती. तिनं पदर सावरला नाही. खाली आली आणि पद पुरं केलं.

टाळ्या पडल्या. पुन्हा वन्स मोअर आला नाही.

नाटक संपल्यावर मी चहाच्या टपरीवर गेले, तर टोपीवाला चौघांना समजावून सांगत होता. "दुसऱ्या टायमाला मुद्दाम खालच्या पट्टीत घेतलं बरं का. साथ बंद ठिवली. तेच गानं येगळ्या रंगात दाखवलं. ही लय वरची कला हाय, आता कुणाला जमत न्हाई!" चौघे माना हलवत होते. चाळीस-पन्नास वर्षं गाणी ऐकली की माणसाचा कान एवढा तयार होतो, की जे झालं नाही तेही ऐकू येतं.

दिग्दर्शकाला हे कळल्यावर त्याच्या जिवात जीव आला. नातीला म्हणाला, "कुणालाच कळलं नाही! आता तू फक्त गप्प राहा."

संध्याकाळी बक्षिसं होती. परीक्षकांतल्या एक बाई बोलायला उठल्या. रेशमी साडी, हातात कागद. "स्त्री-गायनाचं पहिलं पारितोषिक कोठडीतल्या पदासाठी. पहिल्यांदा म्हटलं ते केवळ अप्रतिम. वन्स मोअरला मुलगी थकली, वरच्या स्वराला आवाज चिरला. पण त्याकडे आम्ही दुर्लक्ष केलंय. पहिल्या गाण्याच्या जोरावर हे पारितोषिक."

दिग्दर्शकानं नातीच्या पाठीला हात लावला. "जा. नमस्कार कर आणि ये. काही बोलू नको."

ती अजून लुगड्यातच होती. स्टेजवर गेली. बाईंनी करंडक पुढं केला. तिनं तो घेतला नाही, बाईंच्या हातातला माइक घेतला.

"मॅडम, पहिल्यांदा ऐकलं ते माझं गाणं नव्हतं. रेकॉर्डिंग होतं, पुण्याच्या एका ताईंचं. दुसऱ्यांदा म्हटलं तेवढं माझं. त्याला देणार असाल तर घेते."

मागं कुणाची तरी खुर्ची वाजली. बाईंनी शेजारच्या परीक्षकांकडं बघितलं, त्यांनी कागदाकडं बघितलं. कागदात काही नसावं.

"म्हणजे... दुसऱ्यांदाच्या गाण्याचा आम्ही त्या दृष्टीनं विचार केलेला नाही," बाई म्हणाल्या.

"मग राहू दे," नात म्हणाली, आणि खाली उतरली.

करंडक कोल्हापूरकडच्या एका कॉलेजच्या मुलीला गेला. टोपीवाला पहिल्या रांगेतून मागं वळून सगळ्यांना सांगत होता, "मला तवाच कळलं हुतं! टेप हाय म्हनून!"

बाहेर दिग्दर्शकानं मफलर सोडून हातात गुंडाळला होता. "आख्ख्या टीमचं वाटोळं केलंस तू. सगळ्यांचं! कशासाठी? एका गाण्यासाठी?"

"व्हय," नात म्हणाली.

बाकीची पोरं पाइप टेम्पोत चढवत होती. तिच्याशी कुणी बोललं नाही. पहारेकरी जाताना नुसता हात करून गेला. आम्ही दोघी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. ती साताऱ्याला माझ्याबरोबर येणार होती, दोन दिवस कॉलेजात तोंड दाखवायला नको म्हणून. रडत नव्हती. मी समजूत काढली नाही. काढण्यासारखं काही नव्हतं, जे केलं ते तिनं बघून केलं होतं.

तेवढ्यात टोपीवाला काठी टेकत पायऱ्या उतरला आणि आमच्यासमोर थांबला.

"काय गं पोरी, दुसरं गानं तुजं हुतं न्हवं?"

"व्हय."

"दुसऱ्या ओळीला एवढी घाई कशापायी केलीस? आं? कुनी पाठीमागं लागलं हुतं का?"

नात ताडकन उभी राहिली. "आजोबा, घाई केली न्हाई. तिथं तशीच हाय ती ओळ. तुमी वरचा सूर फाटला म्हणा, मी ऐकून घेते. पण घाई म्हणू नका!"

"वरचा तर फाटलाच. मी म्हनतोय ते दुसऱ्या ओळीचं."

"म्हणून दाखवू का?"

"दाखव की."

"आता?"

"मग कवा? मी मेल्यावर?"

तिनं तिथंच पायरीवर ओळ म्हटली. त्यानं काठीनं ताल दिला, मध्येच काठी आपटून थांबवलं. "हितं! हितं धावतीस बघ." "न्हाई धावत!" "परत म्हन." ती परत म्हणाली. तो परत नाही म्हणाला. दोघांचेही आवाज चढले. चहावाला पातेलं धुवायचं थांबून बघत राहिला, आणखी दोन म्हातारे येऊन उभे राहिले. त्यातला एक तिच्या बाजूनं बोलायला लागला, तर हा त्याच्यावरच उखडला.

आमची साडेसातची एस.टी. निघून गेली. मी तिला सांगितलं नाही.